सागरच्या न्हाणीला कडी नव्हती

सागर गेली ही बातमी मला कोणी सांगितली नाही. भगवान भाऊजी शेतातून पळत आले, पाय उघडे, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. ओसरीवरच्या टोपलीतून त्यांनी एक कांदा उचलला आणि एक शब्द न बोलता उलटे पळाले. कांदा नेला म्हणजे तिला फेफरं आलं, एवढं मला कळलं. आमच्या घरात त्या कामासाठीच कांदा पळवत नेण्याची सवय जुनी आहे. मी माझ्या गुडघ्यांनी जमेल तशी मागे गेले. विहिरीवरची मोटार बंद केलेली होती. गव्हाला पाणी नेणाऱ्या दांडात वीतभर पाणी उभं होतं आणि तिला त्यातून उचलून बांधावर निजवलं होतं. नाकातोंडात चिखल. भाऊजींनी दगडाने कांदा ठेचला आणि तिच्या नाकाला लावून धरला. मी थोडा वेळ बघितलं, मग म्हणाले, "भाऊजी, राहू द्या आता तो कांदा." ते म्हणाले, "वहिनी, अजून जरा..." बऱ्याच वेळाने त्यांचा हात आपोआप खाली आला.

तिचं नाव गंगासागर, घरात सगळे सागर म्हणायचे. ती माझी धाकटी जाऊ. बदनापूरपासून आत आमचं गाव, आणि गावाबाहेर शेतातच आमची दोन भावांची घरं, एका अंगणात. दोघींचं सगळं आयुष्य त्या अंगणात गेलं. माणूस मेलं की त्याचे गुण गायची पद्धत आहे, पण ती गुणाची होती असं मी लिहिणार नाही. ती हट्टी होती. भाजीत मीठ जास्त टाकायची आणि वर म्हणायची, तुमची जीभ म्हातारी झाली. उसनी नेलेली परात कधी वेळेवर परत दिली नाही. माझ्याशी तिची पुष्कळ भांडणं झाली आणि त्यातली निम्मी तिने जिंकली. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची दुसरीपर्यंत, म्हणून हिशेबात मी तिला फसवते असा तिचा शेवटपर्यंत संशय होता. तो खोटा होता, पण तिला तो सोडवेना.

लग्नाच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी आजार सांगितला नव्हता. सांगितला असता तर लग्न झालं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं. आमच्याकडे आल्यावर पहिलं फेफरं चुलीपुढे आलं. हात निखाऱ्यावर गेला. त्याचा डाग मनगटाच्या वर कायम राहिला, बांगड्या भरल्या तरी दिसायचा. सासूबाईंनी चप्पल आणली, किल्ली आणली, कांदा आणला. शुद्धीवर आल्यावर तिला अंगणात बसवून घरात बैठक बसली. सगळ्यांचं मत पडलं की माहेरी नेऊन घाला. मी म्हणाले, "घाला. पण मंग उद्यापासून एवढ्या जणांच्या भाकरी मी एकटी थापणार न्हाई." मला तिची दया आली होती असं नाही. मला खरंच भाकरींची काळजी होती. पण ती दाराआडून ऐकत होती, आणि मी तिची बाजू घेतली असं तिने जन्मभर धरून ठेवलं. मी एकदोनदा खरं सांगून बघितलं. ती म्हणाली, "असू द्या अक्का. कामून का असंना, ठेवलं तर तुम्हीच."

त्यानंतर घरात तिच्यासाठी कायदे झाले. विहिरीवर एकटीने जायचं नाही. चुलीपुढे बसायचं तर कोणीतरी जवळ पाहिजे. आणि न्हाणीची कडी काढून टाकली. आतून कडी लावली आणि फेफरं आलं तर दार तोडेपर्यंत बादलीभर पाण्यातसुद्धा माणूस मरतं. पण कडी नाही म्हणजे कोणीतरी दाराशी बसायला हवं, आणि ते काम माझ्याकडे आलं. दाराबाहेर कपडे आपटायचा दगड आहे, त्यावर मी बसायची. आमचा एक नियम ठरला, की आत असेपर्यंत तिने बोलत राहायचं आणि मी बाहेरून हं म्हणायचं. ती थांबली की मी दार ढकलणार.

सगळी आंघोळ ती बोलायची. तांब्याने पाणी घ्यायची आणि सुरू. कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, कोणाची म्हैस आटली, काल तुम्ही मला काय बोललात आणि ते कसं चूक होतं. अंगणात जे तोंडावर बोलायची हिंमत नव्हती ते दाराआडून बोलायची. मी हं म्हणायला उशीर केला की आतून ओरडायची, "अक्का, जित्या हायेत का गेलात? फेफरं मला येतं, अन् निपचित तुम्ही पडता!" कधी मुद्दाम गप्प बसायची. मी घाईने दार ढकललं की फिदीफिदी हसायची. मी एकदा तांब्या उचलून तिच्या पाठीत घातला होता. खरोखर थांबली असंही झालं, वरच्यावर नाही, पण झालं. तेव्हा मी आत जाऊन तिला कुशीवर करून धरायची, तोंड पाण्यापासून लांब. बाकी काही करायचं नसतं. कांदा लावायची गरज नसते, हे मला फार उशिरा कळलं. ते ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्याविषयी आता लिहिते.

जालन्यात मेंदूचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या संस्थेने मेंदू महोत्सव घ्यायचं ठरवलं. मेंदूचा कसला महोत्सव, मला हसू आलं. देवाचा असतो, आंब्याचा असतो. पण त्यांचं म्हणणं असं, की मेंदूचा आजार म्हणजे भूतबाधा नाही, लाज नाही, हे लोकांना खेळातून दाखवायचं. हे एकट्या संस्थेला झेपणारं नव्हतं म्हणून त्यांनी सहयोगी संस्था जमवल्या. कॉलेज होतं, एक बियाणं कंपनी होती, डॉक्टर लोकांचा क्लब होता, योगाचा वर्ग होता, आमच्या शेजारच्या गावचं देवस्थान होतं. आमचा बायकांचा गट गाद्या-उशा करतो, कापूस घरचाच. तर महोत्सवाचं काम बघणारी मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, पोरांना हात लावून बघता येईल असा कापडाचा मेंदू शिवून द्या, तुमच्या गटाचंही नाव सहयोगी म्हणून लावू.

तिने फोनवर मेंदूचं चित्र दाखवलं. सागरने फोन लांब धरून बघितला आणि म्हणाली, "अगं माय, ही तर कुरडई हाय!" आणि तिने तो तसाच केला. गुलाबी अस्तराच्या कापडाची लांबच लांब नळी शिवली, तिच्यात कापूस ठासला आणि ती नळी कुरडई घालावी तशी वळण्यावर वळणं देत गोल बसवून टाके घातले. मशीनवर बसायची तिला मनाई होती, म्हणून सगळे टाके हाताचे. काही तिरके पडले. चार बायकांनी मिळून उचलावा एवढा मोठा झाला. काम चालू असताना ती मधेच थांबून त्याच्याकडे बघायची. एकदा तिने विचारलं, "अक्का, माझं कुठं बिघडलंय, ह्या वळणात का त्या?" मला काय माहीत. मी म्हणाले, "सुई चालव."

छापायच्या बॅनरसाठी त्या मुलीने प्रत्येक संस्थेचं चिन्ह मागितलं. कंपनीला होतं, क्लबला होतं. आमच्या गटाला कुठलं चिन्ह. सागर म्हणाली, कुरडई टाका. तिने खरंच टाकली. बॅनरवर सगळ्यात खाली, सगळ्यात शेवटी, दोरी ओवायच्या भोकाजवळ आमची कुरडई. भोक कुरडईच्या कडेला पडलं होतं.

महोत्सवात शेवटच्या दिवशी सहयोगी संस्थांचा सत्कार होता. सागरला स्टेजवर जाऊन फूल घ्यायचं होतं, एवढंच काम. तिने फूल घेतलं आणि माईकपाशी गेली. मी खाली बसले होते, मला वाटलं आता ही फजिती करणार. ती म्हणाली, "हा मेंदू म्या शिवला. मला फेफरं येतं. लहानपणापासून येतं. आलं तर माझ्या नाकाला चप्पल लावू नका, कांदा लावू नका, कुशीवर करा अन् बाजूला बसा. झालं." आणि खाली उतरली. जी गोष्ट लपवून तिचं लग्न लावलं होतं ती तिने हजार माणसांत सांगितली. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांतच डॉक्टरीणबाईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, गावात दर महिन्याला फेफऱ्याच्या रुग्णांसाठी शिबिर घेऊ. बियाणं कंपनीचे साहेब उभे राहिले, गाडी आमची. क्लबवाले उभे राहिले, गोळ्या आमच्या. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, सभामंडप आमचा. आमच्या गटाने रुग्ण बोलावून आणायचे. परत टाळ्या. येताना बसमध्ये सागर म्हणाली, "अक्का, आता गोळीसाठी जालन्याला खेटे बंद. गोळ्या दारात येणार." तिचा चेहरा असा मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

पण त्याच स्टेजवर एक चूक झाली होती. फेटे कमी पडले. मोठ्या पाहुण्यांबरोबर दोन माणसं जास्त आली, त्यांना बांधावे लागले, आणि देवस्थानच्या अध्यक्षांची वेळ आली तेव्हा फेटा उरला नव्हता. त्यांना नुसती शाल दिली, तीही योगावाल्यांच्या नंतर. त्यांनी चहा घेतला आणि गेले. आम्हा बायकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

पहिली दोन शिबिरं सभामंडपात बराबर झाली. डॉक्टरीणबाईंनी सागरची जुनी गोळी बदलून नवी दिली. तिला ती मानवली. त्या दोन महिन्यांत न्हाणीत ती एकदाही थांबली नाही. तिसऱ्या महिन्यात आम्ही रुग्ण घेऊन गेलो तर सभामंडपाला कुलूप. झाडाखाली सतरंजी टाकून कसंबसं शिबिर झालं. चौथ्या महिन्यात गाडीच आली नाही.

मी त्या अध्यक्षांच्या घरी गेले. म्हटलं, दादा, कुलूप काढा. ते म्हणाले, "बाई, मला राग बिलकुल न्हाई. माझं डोकं उघडं राह्यलं तर राह्यलं. पण म्या तिथं देवस्थानाच्या नावानं बसल्तो. त्यांनी यावं, नारळ द्यावा, फेटा बांधावा, मंग कुलूप निघंल." मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याचा फेटा ट्रंकेत हाय. आत्ता आणून बांधते." ते हसले. "तुमच्या हातचा कसा चालंल?" मी हे त्या मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, संस्थेच्या सरांच्या कानावर घालते. सर म्हणाले, वार्षिक बैठकीत विषय घेऊ. बियाणं कंपनीच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अध्यक्षांना दुखवून त्या भागात आमचं बी कोण घेईल, ते हो म्हणाले की गाडी तयार आहे. क्लबवाले म्हणाले, गाडी निघाली की गोळ्या देतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी केव्हाही येते, जागा सांगा. नंतर त्यांची पुण्याला बदली झाली. सगळे माझ्याशी नीट बोलले. कोणी खोटं बोललं नाही, कोणी फोन आपटला नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना मला पटायचं. त्या सगळ्या पटण्यात सागरची गोळी संपली.

बदनापूरच्या दुकानदाराने नवी गोळी चिठ्ठीशिवाय दिली नाही. चिठ्ठी शिबिराच्या फायलीत, फाईल कोणाकडे ते कोणाला माहीत नाही. मी म्हणाले, जालन्याला जुन्या डॉक्टरकडे चल. तर ती हट्टी, मी सांगितलंच. "दर महिन्याला येतो म्हणालेत ना ते. एवढ्या लोकांपुढं म्हणालेत, येतील." उरलेल्या गोळ्या ती विळीवर अर्ध्या करून खायला लागली. मग त्या अर्ध्यांच्याही अर्ध्या. मी ओरडले, भाऊजी ओरडले. ती मलाच विचारायची, "अक्का, फेट्याला किती वार लागतं हो? माझं लुगडं न्या अन् बांधा त्यांना." हा विनोद तिने पुष्कळदा केला. मी शेवटी हसायचं बंद केलं.

फेफरं परत सुरू झालं. दिवसा निजून राहायला लागली. तो कापडाचा मेंदू महोत्सव संपल्यावर आमच्याकडेच ठेवायला दिला होता, तिच्या खोलीत पडलेला असायचा. ती त्याच्यावर डोकं टेकून निजायची. म्हणायची, इतकी चांगली उशी गटात एकीनंही केली न्हाई.

गव्हाला पाणी द्यायची पाळी आली. शेतीची लाईट दिवसाची होती. भाऊजी मोटारीपाशी होते आणि ती दांडाचं तोंड फोडायला वाफ्यात होती. तिने एकटीने जायचं नाही हा कायदा, पण ती एकटी नव्हती, नवरा हाकेच्या अंतरावर होता. मोटारीचा आवाज चालू होता. त्या आवाजात ती बोलते आहे का थांबली आहे, हे कोणाला कळणार... वीतभर पाणी. न्हाणीतल्या बादलीत त्याहून जास्त असतं.

तिच्या दिवसकार्यानंतर शोकसभा झाली. कुठे? देवस्थानच्या सभामंडपात. कुलूप काढलेलं होतं, झाडून घेतलेलं होतं, सतरंज्या होत्या. बियाणं कंपनीची गाडी आली. तिच्यातून क्लबवाले उतरले, हार घेऊन. अध्यक्ष सगळ्यात आधी बोलले. म्हणाले, आमच्या भगिनीच्या जाण्याने आम्हा सर्व संस्थांची अपरिमित हानी झाली आहे. मग सगळे एकमेकांना भेटले, हात जोडले, चहा झाला. त्यांचं भांडण तिथेच मिटलं. महोत्सवानंतर सगळ्या सहयोगी संस्था एका जागी आल्या त्या त्याच दिवशी. मी सतरंजीवर बसून छताकडे बघत होते. ते चांगलं पक्कं बांधलेलं आहे, पाऊस लागत नाही, शंभर माणूस बसतं. गोळ्या वाटायला याहून बरी जागा मिळाली नसती.

आता लिहिण्याचं निमित्त. गेल्या आठवड्यात महोत्सवाचं काम बघणारी ती मुलगी दोन गड्यांना घेऊन जीपमधून आली. यंदाचा महोत्सव सागरला अर्पण करणार आहेत. बॅनरवर तिचा फोटो, खाली सहयोगी संस्था. मुलगी वाईट नाही, बोलता बोलता तिचे डोळे भरले. स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहून द्या म्हणाली, आणि तो मेंदू न्यायला आलोय म्हणाली. मी म्हणाले, मेंदू न्हाई. तेराव्याला मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायचं असतं. भावकीतल्या बायकांनी विचारलं, तिचं अंथरूण कोणतं, तर सागरच्या लेकीने गोधडी, चादर आणि उशाला होता तो गुलाबी गोळा, असं सगळं उचलून दिलं. कोणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. ती त्याच्यावर निजत होती, म्हणजे ती तिची उशी. माझ्यासमोर गेला आणि मलाही ते बराबरच वाटलं. मुलगी घाबरली. "आजी, तो महोत्सवाचा होता! कोणाला दिला? आम्ही मागून आणतो." मी म्हणाले, "जा, आणा. मेलेल्या बाईची उशी परत मागायला कोणाला पाठवता, ते आधी बैठकीत ठरवा."

मग मी एक विचारलं. गावात अजून तिघाचौघांना फेफरं येतं, त्यांच्या गोळ्या कधी येणार? मुलीने गड्यांकडे बघितलं. गड्यांनी जीपकडे बघितलं. ती म्हणाली, "आता सगळे परत एकत्र आलेत आजी, महोत्सव झाला की विषय घेऊ." मी म्हणाले, आमच्या गटाचं नाव काढून टाका. ती म्हणाली, छापून झालंय. मी स्मरणिकेत लिहायला नाही म्हणाले, कारण तिच्या शेवटच्या पानावर ती सगळी नावं एका ओळीत असणार. म्हणून हे इथे लिहिलं. ह्याने काही होईल असं मला वाटत नाही. यंदा फेटे जास्तीचे आणतील, एवढं होईल.

न्हाणीला परवा कडी बसवली. माझी सून म्हणाली, "आत्याबाई, आता कशाला उघडं ठेवायचं?" तिचं बराबर आहे. तिची तब्येत चांगली आहे, ती आत जाते, कडी लावते, मुकाट्याने आंघोळ करते. मी बाहेर त्या दगडावर बसते, कारण सकाळी दुसरीकडे कुठे बसायचं हे मला ठाऊक नाही. तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज येतो, पाणी पडल्याचा येतो, मधे कोणी काही बोलत नाही. आणि तरी माझ्या तोंडून निघतं, हं... थोड्या वेळाने परत, हं. आज सुनेने आतून विचारलं, "आत्याबाई, कोणाशी बोलून राह्यल्या?"

मी दार ढकलून बघितलं. कडी लागलेली होती.